ज्याचा त्याचा मीटर

"हीटरचं बिल मी तुझ्याकडनं घेणार न्हाय, कळलं?" गंगव्वा दारातनंच ओरडली.

सोमेशनं मान हलवली. "फुकटचं नको, अव्वा. मीटर दावंल तेवढं घ्या. न्हायतर खोली सोडतो."

"मोठा आलाय मानाचा!" म्हणत म्हातारी फणफणत शेजारच्या आपल्या खोलीत गेली.

कळंब्यातल्या त्या चार खोल्यांची ती मालकीण. लाईटबिल सगळ्यांचं मिळून एकच यायचं. जिन्याखालच्या छोट्या मीटरांवरचे आकडे बघून ती भाडेकरूंना ज्याचं त्याला वाटून द्यायची, आपल्या खोलीचं आपण भरायची.

सोमेशची लेक सातव्या महिन्यातच जन्मलेली, मुठीएवढी. ऊब तुटू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यामुळं हीटर रात्रंदिवस चालू. बिल झेपलं नाही तर बायकोला, सौंदर्याला, आणि पोरीला गावाकडं, चंदगडच्या ओल्या गारठ्यात धाडावं लागणार.

दुसऱ्याच दिवशी गंगव्वानं वायरमन बोलावला. "वायरी कुजल्यात. पोरीला शॉक बसला म्हंजे?" सोमेश कामावरनं येईस्तोवर जिन्याखाली नव्या वायरी, नवी बटणं.

त्यानंतर म्हातारीला काय झालं कुणास ठाऊक, दिवेलागणीलासुद्धा दिवा लावीना. अंधारात उंबऱ्यावर बसायची. आत प्लगला लावलेला जुना रेडिओ तेवढा गात असायचा.

"दिवा लावा की, अव्वा."

"उजेड डोळ्याला टोचतोय. तू तुझं बघ."

महिना भरला. सोमेश मीटरपाशी गेला. आकडा जेमतेम सरकलेला! त्यानं काच पुसून पुन्हा बघितलं.

"लेकीचा पायगुण, दुसरं काय!" त्यानं पोरीला छातीशी धरलं. सौंदर्या हसता हसता रडायलाच लागली.

गंगव्वानं पैसे चोख मोजून घेतले. वर दटावलं, "हीटर बंद केलास तर बघ हं, गाठ माझ्याशी हाय!"

पोरगी बाळसं धरू लागली.

एका संध्याकाळी सोमेशच्या खोलीतला होल्डर चरचरायला लागला. सौंदर्यानं पोरीला पदराखाली घट्ट घेतलं. सोमेश जिन्याखाली गेला आणि खोलीची लाईट तोडायला आपल्या मीटरखालचं बटण पाडलं.

उघड्या दारातनं आत बघितलं, तर दिवा तसाच. हीटर लालबुंद.

दुसऱ्याचं बटण पडलं की काय, म्हणून त्यानं मीटरवरचं नाव पुन्हा वाचलं. सोमेशच.

शेजारच्या अंधारात रेडिओ मात्र गाता गाता मध्येच बंद पडला होता.