रासबेरीच्या फांद्या

सगुणाबाई रासबेरीच्या फळून गेलेल्या काटेरी फांद्या छाटत होत्या. अंगणात त्यांची सून वनिता तोडलेली फळं परातीतल्या पाण्यात हलक्या हाताने धूत होती. तेवढ्यात मुलगा झिंगत आला. "जेवण कुठंय?" म्हणत त्याने परात लाथाडली आणि वनिताला केसांना धरून भिंतीवर आपटलं.

एरवी अशा वेळी सगुणाबाई मान खाली घालत. त्यांनीही नवऱ्याचा मार असाच खाल्ला होता. आज मात्र भिंतीवर रक्त दिसलं. त्यांनी छाटलेल्या फांद्या दोन्ही मुठींत धरल्या आणि मुलाच्या पाठीवर, मानेवर, तोंडावर सपासप ओढल्या.

"आई, मी तुझ्या पोटचा आहे!" तो किंचाळला.

"म्हणूनच आजवर गप्प बसले. परत हिला हात लावलास तर कोयता घेईन."

तो गाल धरून रस्त्याकडे पळत सुटला.

सगुणाबाई खाली बसल्या. वनिताने एका हाताने कपाळावर पदर दाबला आणि दुसऱ्याने ती सासूच्या तळव्यातले काटे उपसू लागली.

"दुखतंय का, आत्याबाई?"

हे सगुणाबाईंना उभ्या जन्मात कुणी विचारलं नव्हतं. सुनेच्या खांद्यावर डोकं टेकून त्या हमसून रडल्या.