चौथा आवाज

"अजून एकदा बोलायला लावा, साब," वहिदा म्हणाली.

पडद्यावर पाच जण भिंतीला पाठ लावून उभे होते. डोक्यावरून काळी कापडं ओढलेली, गळ्यात आकड्यांच्या पाट्या. समुद्रापलीकडच्या त्या देशात पोलिसांनी तारांच्या कुंपणाआडच्या एका इमारतीवर धाड घातली होती. पोलीस असल्याची बतावणी करून इथल्या लोकांना फोनवर कोंडून ठेवायचं, घाबरवायचं, लुबाडायचं, असा तिथला धंदा. आता एकेक जण पुढं येऊन तेच ते वाक्य म्हणत होता, आणि लातूरच्या सायबर ठाण्यात खुर्चीच्या कडेवर बसून वहिदा ऐकत होती.

"कुणाला बोलायला लावू?" फौजदार चन्नबसप्पांनी विचारलं.

"चौथ्याला."

चौथा पुढं आला. "मी पोलीस ठाण्यातून बोलतोय. फोन ठेवायचा नाही. घरात कुणाला सांगायचं नाही."

थकलेला, घोगरा आवाज. नदी आटावी अन् वाळूत नुसती ओल उरावी, तसा. वहिदानं पदर मुठीत घट्ट धरला.

"घाई नको, मावशी," फौजदार हळू आवाजात म्हणाले. "सगळं तुमच्या शब्दावर हाय. फिर्यादीनं ओळखलं तरच तिकडचं कोर्ट माणूस आपल्या हवाली करतंय."

"न्हाई ओळखलं तर?"

"तर राहतेत तिकडंच. तिथला तुरुंग म्हंजे... जाऊ द्या. पण फोनवरचा आवाज तुम्ही वळखाल का नक्की?"

वहिदा किंचित हसली. "भूकंपात आमी काय बघून काढली माणसं? दगडाखाली दिसतंय थोडंच. एकानं हाक मारायची अन् बाकी सगळ्यांनी दम धरून गप बसायचं. आवाजावर उकरायचं. एक तान्हं लेकरू तर नुसत्या कण्हण्यावर हाताला लागलं."

"वाचलं?"

"हाव. वाचलं."

तेवढ्यात पडदा काळा झाला. तिकडची लाइन तुटली होती. फौजदारांनी चहा मागवला. वहिदा व्हरांड्यात जाऊन बसली. समोरच्या रस्त्यावरून पाठीला दप्तरं लावलेली क्लासची पोरं लोटत चालली होती. भिंतीभिंतीवर डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांचे हसरे फोटो. अशाच पोरांना वहिदा डबे पुरवायची.

बाकावर देवणीची शिवकांता बसली होती, कायमचीच. तिचा नरसिंग नोकरी म्हणून त्याच देशात गेला अन् गपगार झाला. ती उठून आत गेली, दारातच उभी राहिली.

"साहेब, माज्या लेकाचं?"

"अक्का, किती डाव सांगू? लेक सज्ञान हाय, आपल्या पायानं गेलाय. वर कळवलंय. जबाब येईल तवा येईल."

"ह्या चोरट्यांना आनायला इमान धाडता, अन् माज्या गरीबाला?"

"त्यांच्यावर गुन्हा हाय. दोन देशांचा करार गुन्हेगारासाठी असतोय, हरवलेल्यासाठी न्हाई. मी तरी काय करू?"

शिवकांता परत येऊन बसली आणि ओच्यात तोंड खुपसून रडू लागली. वहिदानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

लाइन जुळली. वहिदा आत आली.

"चौथाच, साब. पर अजून एक डाव बोलू द्या त्याला."

"मावशी, खात्री झाली न्हवं?"

"बोलू द्या."

चौथा पुन्हा बोलला. वहिदा डोळे मिटून ऐकत होती. शेवटचा शब्द विरला तरी तिनं डोळे उघडले नाहीत.

"ह्योच," ती म्हणाली. "ह्यानंच मला फोनवर डांबून ठिवलं होतं."

फौजदारांनी सुटकेचा श्वास टाकला. "तिकडच्या नंबरावरून तुम्हाला आलेले फोन तर नोंदीत हायतच. आता ओळखही पटली. खरं सांगू, मावशी? पैसा गेला न्हाई की लोक गप घरी बसतेत. तुम्ही उन्हाळ्यापासून उंबरा झिजवला. शाबास तुमची."

"कोन हाय म्हनं ह्यो?"

"आपल्याच मुलखातला निघाला. राजशेखर बसलिंगप्पा. आईबाप भूकंपात गेले. इथल्याच एका क्लासात टेबलावर बसून पालकांना फोन लावायचा. आवाज गोड, म्हणून तिकडच्यांनी उचलला असंल."

"मागं कुणी न्हाई त्याच्या?"

"कागदावर तरी कुणी न्हाई."

वहिदानं मान हलवली. जबाबाखाली अंगठा उमटवताना ती थांबली.

"इथंच आनतेल न्हवं? लातूरलाच?"

"इथंच. गुन्हा इथला, कोर्ट इथलं, जेलही इथलंच. अन् जामीन मिळायचा न्हाई लवकर, बेफिकीर राहा."

"जेवायला काय देतेत आत?"

फौजदार खो खो हसले. "घ्या! ज्यानं छळलं त्याच्याच पोटाची काळजी? डबा धाडता का काय त्याला?"

वहिदाही हसली. अंगठा उमटवला, बोट पदराला पुसलं, "येते, साब" म्हणून बाहेर आली.

शिवकांता अजून हुंदके देत होती. वहिदा तिच्याजवळ टेकली. मागं दार लोटलेलं आहे ना, ते वळून पाहिलं. मग वाकून तिच्या कानाशी तोंड नेलं.

"लेक हरवलाय म्हनू नगंस, शिवकांता. त्यानं फोनवर मला छळलं म्हून लिवून दे. मीबी माझ्या राजूवर तसंच लिवून दिलं."