शेगडीची बटणं

वडील स्वयंपाकघराच्या दारात आले तशी मुलीने शेगडीचं बटण ओढून काढलं आणि कुर्त्याच्या खिशात टाकलं. खाली ज्योत चालूच राहिली. कढईत तेल होतं, शेजारी ताटलीत बटाट्याच्या चकत्या.

"काय करतेस?"

"तळतेय थोडं. तुम्ही बसा ना बाहेर."

वडील बसले नाहीत. बत्तीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चारशे जणांचं जेवण रांधलेला हा माणूस आता स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाहुण्यासारखा उभा होता. मागच्या आठवड्यात दूध तापत ठेवून ते झोपी गेले. पातेल्याचा कोळसा झाला, शेजाऱ्यांनी दार बडवलं म्हणून निभावलं. त्याच दिवशी मुलीने दोन्ही बटणं काढून पर्समध्ये टाकली. त्यांना सांगितलं नाही. उगाच मन कशाला दुखवा? रोज दुपारी यायचं, गुपचूप एक बटण लावायचं, दोन्ही वेळचं करून ठेवायचं आणि जाताना बटण घेऊन जायचं. आठ दिवसांत वडिलांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्यांच्या लक्षातच आलं नसावं, असं ती धरून चालली होती.

"चहा टाकू तुम्हाला?"

"नको. सोडलाय मी चहा. पित्त होतं."

ते ऐकून तिला हायसं वाटलं. चहाच सोडला म्हणजे शेगडीकडे फिरकायचं कारणच उरलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. मोठा भाऊ होता. वडिलांच्या कानावर जायला नको म्हणून ती फोन घेऊन गॅलरीत गेली आणि मागे दार ओढून घेतलं.

"वृद्धाश्रमात बोललोय मी," भाऊ म्हणाला. "खोली रिकामी आहे. रविवारी गाडी घेऊन येतो, तू त्यांची बॅग भरून ठेव."

"दादा, अरे, इतक्यात? एकदा दूध जळलं म्हणून?"

"मग कधी? घर पेटवल्यावर?"

कठड्यावरचा सुटलेला रंग ती नखाने खरवडत राहिली. तो खर्चाचं बोलला, डॉक्टरांचं बोलला. मग तिच्या नाकात जळका वास शिरला.

तिने दार उघडलं तेव्हा कढईतून हातभर उंच जाळ उठला होता आणि वरच्या कपाटाच्या फळीला चाटत होता. ती बटणाकडे झेपावली. बटणाच्या जागी नुसती कांडी! बटण खिशात, खिशात हात जाईना, आणि गेला असता तरी त्या धगीत पुढे होणं शक्य नव्हतं. हातातला फोन कधी पडला ते तिला कळलं नाही. तिने नळाखालचा भरलेला जग उचलला.

"पाणी नको!"

चारशे माणसांच्या कॅन्टीनमध्ये शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज. बाहेरच्या खोलीतून धावत आलेल्या वडिलांनी तिचं मनगट धरून तिला मागे खेचलं. "उकळत्या तेलात पाणी पडलं तर सगळीकडे उडेल. हो बाजूला."

त्यांनी कोरडं फडकं घेऊन पिठाच्या डब्यावरचं मोठं झाकण धरलं, ढालीसारखं पुढे केलं आणि कडेकडेने कढईवर सरकवलं. जाळ दबला. लगेच खाली वाकून त्यांनी सिलिंडर बंद केला. बटणांकडे त्यांचा हात गेलाच नाही.

"झाकण उचलायचं नाही. कढई हलवायची नाही. आपोआप गार होऊ दे," ते म्हणाले आणि खिडकी उघडायला गेले. त्यांच्या उजव्या हातावरचे केस करपले होते.

जमिनीवरून भावाचा आवाज येत होता. तिने फोन उचलला.

"काय झालं? ओरडताय काय? पेटवलं ना बाबांनी? मी म्हणतच होतो!"

वडील खिडकीपाशीच थांबले होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं.

"मी पेटवलं," ती म्हणाली. "तेल ठेवून तुझ्याशी बोलत बसले."

"उगाच त्यांना पाठीशी घालू नकोस."

"नाही घालत. विझवलं त्यांनी. मी पाणी ओतायला निघाले होते, दादा. बॅग मी भरणार नाही. रविवारी ये, पण जेवायला ये."

तिने फोन बंद केला. खिशातलं बटण काढलं, पर्समधलं दुसरं काढलं आणि दोन्ही वडिलांच्या तळहातावर ठेवली. आता सगळं सांगून टाकायचं, चार शब्द ऐकून घ्यायचे, असं तिने ठरवलं होतं.

वडिलांचा चेहरा एकदम खुलला.

"सापडली? कुठे होती गं?" आणि तिने तोंड उघडायच्या आत ते बोलूही लागले. "आठ दिवस शोधतोय मी. गादीखाली, डब्यांत, कचऱ्याच्या बादलीतसुद्धा हात घालून पाहिला. तू पकडीने पेटवत असशील, पण विचारलं नाहीस, म्हणून मीही बोललो नाही. म्हटलं, आता बटणंही हरवली म्हणाल आणि माझं काय करायचं ते ठरवून मोकळे व्हाल."

मुलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वडिलांनी बटणं सदऱ्याला पुसली, एकेक करून जागच्या जागी बसवली आणि नीट बसली का ते फिरवून पाहिलं. मग तिच्याकडे न बघता हळूच विचारलं,

"हे सगळं गार झालं की घोटभर चहा टाकू का मी?"