काळी-पिवळीचा गिअरबॉक्स

नव्या बायकोसोबत दोघांनीच खामगावला सिनेमाला जायचं, म्हणून धम्मदीपने गिअरबॉक्स गेल्यानं बंद पडलेली आपली जीप दुरुस्तीला काढली. पिंपळगाव राजाच्या रस्त्यावर जन्मभर सवाऱ्या वाहिलेली एक काळी-पिवळी जीप भंगारात उभी होती. तिच्याखाली उताणं पडून त्यानं बोल्ट खोलले आणि गिअरबॉक्स छातीवर झेलून बाहेर काढला.

"ने बाप्पा," भंगारवाला सहदेव म्हणाला, "पण सीटा भरल्याबिगर ते गाडी कधी हललीच नाही. सवय संगं येईन, पाह्य!"

गिअरबॉक्स बसला, इंजिन सुरू झालं, समता नटूनथटून शेजारी बसली. पण गिअर काही पडेना.

धम्मदीपची आई केसरबाई पिशवी घेऊन आली. "सरक बे, मले बी बाजार कराचाच हाय."

ती बसली अन् दांडा जरासा हलला. मग आम्ही शेजारचे जमलो; काही आत बसले, दोघं टपावर चढले. शेवटी मी मागच्या फळीवर एका पायावर लटकलो, तेव्हा कुठं पहिला गिअर खटकन पडला.

खामगावपर्यंत समता नवऱ्याच्या शेजारीच बसली होती. मधात फक्त तिघं होते.