खालचा सूर

सिस्टर फुल्वियाने गळ्यातल्या लोकरी फडक्याला आणखी एक वेढा दिला आणि मठाच्या मदरसमोर खोकून दाखवलं. घसा बसला होता म्हणे. तासाभरात जिनेव्रा वेदीसमोर केस कापून घेऊन कायमची सिस्टर होणार होती. सिस्टरांना लोकांच्या नजरेआड ठेवणाऱ्या जाळीपलीकडे, चर्चमध्ये अर्धं बोलोन्या शहर येऊन बसलं होतं.

अठरा वर्षं या सोहळ्याला फुल्वियाचीच रचना गायली जायची. यंदा मदर म्हणाल्या, “पोरीनं स्वतः रचलंय. ऐकू तरी.” एकोणीस वर्षांची पोर आणि पहिलीच रचना. तालमीत फुल्वियाने डोळ्यांत तेल घालून चुका शोधल्या. एकही सापडली नाही. तेच तिच्या जिव्हारी लागलं होतं.

नावं ठेवायला जागा एकच होती. बायकांच्या मठात इतका खालचा सूर लिहायचाच कशाला? तिथवर उतरणारा गळा सबंध मठात एकटीचा होता, फुल्वियाचा. त्या पुरुषी आवाजाची तिला लाज वाटायची. रोजच्या प्रार्थनेत गाणं टाळता यायचं नाही, पण स्वतःच्या रचनांत ती तो भाग ऑर्गनवर सोपवायची. आज तो गळा बसला की पोरीची रचना बुडालीच.

जिनेव्रा आली ती सोहळ्याच्या रिवाजाप्रमाणे नवरीच्या पांढऱ्या पोशाखात, मोकळ्या केसांनी.

“फार दुखतंय का, सिस्टर?”

“बोलवतसुद्धा नाही बाई. तुझं तूच बघ आता.”

“मग तुमचीच रचना गाऊ. सगळ्यांना पाठ आहे, आणि तिच्यात खालचा आवाज नाहीच.”

फुल्वियाला हवं होतं ते आयतं पदरात पडलं. तरी तिच्या तोंडून निघून गेलं, “आणि तुझ्या रचनेचं काय?”

“तुमच्याशिवाय ती नकोच. नऊ वर्षांची असताना मठामागच्या गल्लीत तुमची प्रार्थना ऐकली. आई ओढत होती, मी हलेना. त्या आवाजाजवळ राहायचं म्हणून तर इथं आले. आणि तुम्ही त्याच्यासाठी एक ओळ लिहीत नाही. मग मीच लिहिली.”

बाहेर घंटा वाजू लागली. फुल्वियाने गळ्याचं फडकं सोडलं.

“माझं पान आण,” ती म्हणाली. “आणि दुसऱ्या ओळीला मुलींना घाई करू देऊ नकोस. मला खाली उतरायला वेळ लागतो.”