बंद बैठक

"आता सगळ्यांनी बाहेर थांबायचं," अध्यक्ष विजयकुमार म्हणाले. कुमुदिनीबाई खुर्चीतून हलल्या नाहीत.

अण्णा नगरातल्या त्या सार्वजनिक वाचनालयाची समिती दर महिन्याला वाचकांसमोर बसे. नियमच तसा होता. या वेळी मात्र शेवटचा विषय बंद दाराआड घ्यायचं ठरलं होतं. अभ्यासिकेवर देखरेख करणारा मानाजी एका मुलीच्या मागे लागला, अशी कुजबुज होती. मानाजी विजयकुमारांच्या नात्यातला. दोघंही तंजावरकडचे मराठी.

"आपल्या माणसाला वाचवणार, बघ," कुमुदिनीबाई लेकीच्या कानाशी लागल्या. नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे त्या सोलापूरहून इथे तमिळ मुलखात आल्या, पण तमिळ काही जिभेवर बसलं नाही. म्हणून ऊर्मीला कॉलेजातून परस्पर इकडेच बोलावून घेतलं होतं.

"आई, घरी जाऊ या ना."

"मला विचारू दे." त्या उभ्या राहिल्या. "बैठक कुठल्या नियमाने बंद करता?"

"अम्मा, कुणाची खासगी गोष्ट असेल तर बंद करता येते," विजयकुमार म्हणाले. "निर्णय नंतर सगळ्यांना सांगणारच."

"खासगी कुणाची? मानाजीची?"

"तक्रार करणारीची. तिनेच तशी विनंती केली आहे. ती म्हणाली तर दार उघडू. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून नाही."

मागच्या रांगांत तमिळमध्ये गलका झाला.

"काय म्हणतायत?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"मुलीचं नाव कळायला हवं म्हणतायत."

"बरोबरच आहे. त्यांना सांग, पोरगी खरी असेल तर तोंड कशाला लपवते? की अशी कुणी पोरगीच नाही, आणि हे नुसतं निमित्त?"

ऊर्मी पायाशी ठेवलेली कॉलेजची पिशवी उचलू लागली.

"सांग की."

विजयकुमारांनी ऊर्मीकडे पाहिलं आणि चटकन नजर वळवली. कुमुदिनीबाईंच्या ते लक्षात आलं. "बघितलंस? नजरेला नजर द्यायची हिंमत नाही त्यांची."

शिपाई दार ओढून घ्यायला आला. तेव्हा ऊर्मी उठली आणि सगळ्यांकडे वळून तमिळमध्ये सावकाश काहीतरी बोलली. गलका थांबला. शिपायाचा हात कडीवरच राहिला.

कुमुदिनीबाईंनी तिची ओढणी ओढली. "मी म्हटलं तेच सांगितलंस ना?"

"नाही." ऊर्मीचा आवाज बारीक झाला होता. "म्हटलं, दार उघडं राहू दे. तक्रार मी केलीय."