आतून आरसा

"घे, बघ तुझी करामत!" धाकट्याने मॅनिफोल्ड थोरल्याच्या टेबलावर आपटला. एक कानस उडून खाली पडली. थोरल्याने आधी ती उचलली, फडक्याने पुसली, जागेवर ठेवली. सख्खा भाऊ चार वर्षांनी त्याच्या वर्कशॉपची पायरी चढला होता, पण त्याच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

धाकट्यामागोमाग मालक आत आला. रेसची गाडी त्याची, धाकटा तिचा ड्रायव्हर. ही शेवटची संधी, असं मालकाने धाकट्याला चारचौघांत बजावलं होतं. आणि रविवारी गाडी सगळ्यांच्या मागून आली. सरळ रस्त्यावर बरी पळायची, वळणातून बाहेर पडताना मात्र खोकायची, गुदमरायची, मग कुठे पुढे सरकायची.

"हा म्हणतो, तू मुद्दाम इंजिनाची वाट लावलीस," मालक म्हणाला. "मला वाटतं, याच्याच हातात आता दम राहिला नाही. काय ते आत्ता बोल. पाप तुझं असेल तर हा गाडीवर राहील. नसेल तर उद्यापासून दुसरा ड्रायव्हर."

दोघा भावांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य साऱ्या गल्लीला माहीत होतं. वडील गेले आणि त्यांची जुनी रेसची गाडी थोरल्याने भंगारात घातली. तेव्हापासून धाकट्याने त्याचं नाव टाकलं. थोरलाही काही कमी नव्हता, समोरून धाकटा आला की हा फूटपाथ बदलायचा. मॅनिफोल्डचं काम झालं ते केवळ आईमुळे. "मी मेल्यावर काय भांडायचं ते भांडा," असं दोघांनाही सुनावून तिने इंजिनात हवा-पेट्रोल नेणारी ती चार फाट्यांची जड नळी पिशवीत घातली, स्वतः थोरल्याकडे नेली आणि सहा दिवसांनी स्वतःच परत आणली. हवा मोकळी वाहावी, इंजिनाला चार घोड्यांची ताकद जास्त मिळावी, म्हणून ती आतून घासायची होती. सहा दिवसांत थोरल्याने तिचं नेमकं काय केलं, हे विचारण्याइतकंही बोलणं दोघांत उरलं नव्हतं.

थोरल्याने हात पुसले. टॉर्च घेऊन आत डोकावणं त्याला कधी पटलं नाही. तो डोळे मिटायचा आणि करंगळी आत घालायचा. त्याने पहिल्या फाट्यात करंगळी घातली आणि लगेच डोळे उघडले. मग दुसऱ्यात घातली, तिसऱ्यात, चौथ्यात. शेवटी त्याने प्रथमच भावाकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, टेबलाची कड गच्च धरलेल्या त्याच्या हातांकडे.

"आता का वाचा बसली?" धाकटा ओरडला. "चार वर्षं डूख धरून बसलायस. बाबांची गाडी मोडलीस, आता मला मोडायला निघालास!"

"हो," थोरला म्हणाला. "मीच केलं."

धाकट्यालाही हे इतकं सहज येईल असं वाटलं नव्हतं. मालकाने भुवया चढवल्या. "काय केलंस?"

"आतून आरसा केला." थोरला भाजीचा भाव सांगावा तसं बोलत होता. "अडाण्याला वाटतं, जितकं गुळगुळीत तितकं चांगलं. कार्ब्युरेटरच्या गाडीला ते चालत नाही. आत बारीक खरखर ठेवावी लागते, मग हवा तिथे घोळते आणि पेट्रोल तिच्यात मिसळून राहतं. आरसा केला की पेट्रोल भिंतीला धरतं, त्याचे ओघळ होतात. वळणातून गाडी उचलायला गेलं की इंजिन गुदमरतं. मला हे ठाऊक होतं. तरी केलं. हा जिंकलेला बघवला नसता मला."

"शी! सख्खा भाऊ ना रे तू?" मालकाच्या तोंडावर किळस होती. "आमचा साधा नटसुद्धा आता या दारात येणार नाही. आणि बाकीच्या टीमवाल्यांनाही सांगतो, बघतोच तुझं दुकान कसं चालतं ते." मग धाकट्याच्या खांद्यावर थाप मारली. "पुढच्या रेसला तूच." आणि तो बाहेर पडला.

धाकटा जागचा हलला नाही. आईने पिशवी आणून दिली तेव्हा त्याने टॉर्च मारून आत पाहिलं होतं. आत सगळीकडे राखाडी, बारीक खरखर. "वैऱ्याने काम अर्धवट टाकलं," म्हणत तो चरफडला होता. मग शनिवारची अख्खी सकाळ मागच्या खोलीत बसून, ड्रिलला नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा गोळा लावून, हिरव्या पॉलिशची वडी संपेपर्यंत त्याने चारही फाटे आतून घोटले होते. स्वतःच्या हाताने. चकचकीत झाल्यावर मान वाकडी करकरून पाहिलंही होतं.

बाहेर मालक कोणाशी तरी फोनवर बोलत उभा होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. धाकट्याने तोंड उघडलं. गाडीचं दार लागलं, गाडी निघून गेली, तरी ते उघडंच होतं.

"दादा..." चार वर्षांनी तो शब्द निघाला.

"चालता हो इथून." थोरल्याने मॅनिफोल्ड जवळ ओढला, घासकागदाचा तुकडा फाडून करंगळीला गुंडाळला आणि पाठ फिरवली. "आणि घरी जायच्या आधी नखं घास. हिरवं अजून तसंच आहे त्यांत. आईला दिसेल."